सेकंडहँड दुर्बिणीची काच तपासताना: आधी काय, नंतर काय

जुनी दुर्बीण बघायला गेलेले बरेच जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण आरशावर टॉर्च मारतात, धूळ लख्ख चमकते, आणि चांगली दुर्बीण सोडून परत येतात. काही जण चंद्र बघतात, विवरं सुंदर दिसतात, आणि वाईट काच घेऊन घरी येतात. चंद्र जवळपास कुठल्याही दुर्बिणीतून सुंदरच दिसतो. काचेची खरी परीक्षा ताऱ्यावर होते, तीही फोकसमधून जरासा हलवलेल्या ताऱ्यावर.

ही परीक्षा अवघड नाही, पण तिचा क्रम चुकला की उत्तर चुकतं. गरम आरसा, बिघडलेलं कॉलिमेशन (आरसे-भिंगांची एका रेषेतली जुळवणी), खराब आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि स्वतःच्या डोळ्याचा नंबर या चार गोष्टी काचेच्या दोषाचं हुबेहूब सोंग घेतात. त्या एकेक करून बाजूला काढायच्या आणि काचेवर ठपका सगळ्यात शेवटी ठेवायचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

निघण्यापूर्वीची तयारी

स्वतःचा, खात्रीचा आयपीस न्या. विक्रेत्याचा आयपीस वापरलात तर तुम्ही दुर्बीण आणि आयपीस दोन्ही एकदम तपासत असता, आणि दोष दिसला तर तो कोणाचा हे कळत नाही. किती मिलिमीटरचा न्यायचा? दुर्बिणीचा फोकल रेशो (फोकल लेंथ भागिले व्यास) जितका, साधारण तितक्या मिलिमीटरचा. २०० मिमी व्यास आणि १२०० मिमी फोकल लेंथ म्हणजे एफ/६. तिथे ६ मिमीचा आयपीस २०० पट वर्धन देतो, म्हणजे व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे एक पट. परीक्षेसाठी एवढं तरी हवंच. सोबत चांगला बार्लो (वर्धन वाढवणारं जादा भिंग) असेल तर हवा स्थिर असताना याच्या दुप्पट जाता येतं.

याशिवाय कॉलिमेशन कॅप (मधोमध बारीक भोक असलेलं झाकण), स्क्रूसाठी ॲलन की आणि स्क्रूड्रायव्हर, भिंगाची दुर्बीण असेल तर हिरवा फिल्टर, आणि वही-पेन्सिल. वही विसरू नका, ती शेवटी लागणार आहे.

सगळ्यात महत्त्वाची तयारी फोनवर होते. विक्रेत्याला आधीच सांगा की दुर्बीण सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर काढून ठेवा. आणि स्वतः अंधार पडण्याच्या तासभर आधी पोहोचा, कारण पहिला टप्पा उजेडातला आहे.

सावधान: सूर्य मावळेपर्यंत दुर्बीण सूर्याच्या दिशेला वळवू नका आणि झाकण काढून उन्हात ठेवू नका. क्षणभराच्या चुकीनेही डोळा कायमचा जाऊ शकतो.

टप्पा १: उजेडात काच बघणे

आधी लेबल वाचा. न्यूटोनियनवर (तळाशी मोठा आरसा असलेल्या दुर्बिणीवर) फोकल लेंथ १००० मिमी लिहिली आहे आणि नळी जेमतेम अर्धा मीटर आहे, असं असेल तर फोकसरच्या (आयपीस पुढेमागे सरकवणाऱ्या नळीच्या) तळाशी एक जादा भिंग बसवलेलं असणार. अशा स्वस्त दुर्बिणींचं कॉलिमेशन जमवणं फार जिकिरीचं असतं आणि जास्त वर्धनाला प्रतिमा क्वचितच स्वच्छ मिळते. मी स्वतः अशा दुर्बिणीपाशी वेळ घालवत नाही.

छोट्या न्यूटोनियनमध्ये आरसा पॅराबोलिक (परवलयाकार) आहे की नुसता गोलीय, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तरी गणित सांगतं. ७६ मिमी व्यास आणि ७०० मिमी फोकल लेंथ असेल तर गोलीय आरशाने प्रकाशलहरीत पडणारी चूक तरंगलांबीच्या सुमारे बाराव्या भागाइतकी राहते, म्हणजे काहीच बिघडत नाही. ११४/९०० मध्ये ती सुमारे पाचव्या भागावर जाते. चांगल्या प्रतिमेची रूढ मर्यादा एक चतुर्थांश तरंगलांबी आहे, त्यामुळे ही दुर्बीण काठावर पास होते. १३०/६५० मध्ये मात्र गोलीय आरसा असेल तर चूक जवळपास एक पूर्ण तरंगलांबी होते. तिथे पॅराबोलिक आरशाला पर्याय नाही.

आता काच. धुळीकडे दुर्लक्ष करा. पातळ, सारखी पसरलेली धूळ प्रतिमेला जवळजवळ काही करत नाही. एखादा बारीक ओरखडाही चालतो. बघायचं ते हे:

- भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. वरवरची असेल तर पुसली जाते, पण जुनी बुरशी कोटिंग आणि काच खाते, आणि तो डाग जात नाही.
- चिकटवलेल्या जोडभिंगाच्या कडेपासून आत शिरलेले इंद्रधनुषी किंवा दुधी ठिपके म्हणजे मधला चिकटपदार्थ सुटतोय.
- आरशाचं ॲल्युमिनियम कडेने पांढुरकं, धुरकट झालं असेल तर आज ना उद्या नवं कोटिंग करावं लागेल. हा काचेच्या आकाराचा दोष नव्हे, फक्त खर्च आहे.
- आरसा धरणाऱ्या क्लिपा काचेवर दाबून बसल्या आहेत का? क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकायला हवी.

मग एक प्रश्न विचारा, आणि तो विचारायला संकोच करू नका: "भिंग कधी साफसफाईसाठी उघडलं होतं का?" रिफ्रॅक्टरच्या, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीच्या, भिंगात सहसा दोन काचा असतात. त्या उलट्या क्रमाने, किंवा एखादी पालथी बसली, तर उत्तम भिंगाची प्रतिमा पार बिघडते. दोन काचांमध्ये कडेला तीन बारीक स्पेसर असतील, तर तिन्ही जागेवर आहेत ना बघा. श्मिट-कॅसेग्रेनची (पुढे पातळ काच आणि आत आरसे असलेल्या बंद नळीच्या दुर्बिणीची) पुढची काच काढून परत लावताना फिरली, तर ती आणि आरसे यांचा जुळवलेला मेळ बिघडतो. भिंगाच्या रिंगवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याच्या खुणा दिसल्या, तर "कधीच उघडलं नाही" हे उत्तर बाजूला ठेवा.

टप्पा २: थंड होऊ देणे

सगळ्यात जास्त चुकीचे निकाल याच टप्प्यावरून लागतात. घरातून काढलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. त्याच्यावरून उष्ण हवा उठत राहते आणि प्रतिमा उकळल्यासारखी दिसते. शिवाय काच सगळीकडे सारखी थंड होत नाही, कड आधी थंडावते, आणि काही काळ आरशाचा आकारच बदललेला असतो. त्या वेळी निर्दोष आरशाचीही कड पडलेली (काठापाशी खाली झुकलेली) दिसू शकते.

छोट्या रिफ्रॅक्टरला अर्धा तास पुरतो. २० सेंमी किंवा मोठ्या आरशाला एक ते दोन तास लागतात. बंद नळीच्या माक्सुतोव्हला आणि श्मिट-कॅसेग्रेनला आणखी वेळ द्या.

तपासणी: एखादा तेजस्वी तारा फोकसमधून बराच बाहेर न्या आणि प्रकाशाच्या तबकडीकडे बघत राहा. तिच्यात एका बाजूने वर चढणाऱ्या धुरासारख्या रेघा हळूहळू सरकत असतील, तर नळी अजून गरम आहे. आता हात नळीच्या तोंडापुढे खालच्या बाजूला धरून बघा. हाताच्या उबेने उठणारी हवा तशीच दिसते. हे एकदा पाहिलं की गरम नळी ओळखायला परत कधी चुकत नाही.

टप्पा ३: कॉलिमेशन

कॉलिमेशन बिघडलेल्या दुर्बिणीवर काचेचा निकाल देताच येत नाही. न्यूटोनियनमध्ये आधी कॅपने सेकंडरी (छोटा तिरका आरसा) आणि मग प्रायमरी (तळाचा मोठा आरसा) जुळवा. विक्रेत्याने लेझर दिला तर त्यावर डोळे झाकून विसंबू नका. तो फोकसरमध्ये सैल ठेवून स्वतःभोवती फिरवा. ठिपका आरशावर गोल फिरत असेल, तर आधी लेझरच जुळवायची गरज आहे.

एफ/५ किंवा त्याहून वेगवान (फोकल रेशो आणखी कमी असलेल्या) न्यूटोनियनमध्ये सेकंडरीची काळी सावली प्रायमरीच्या दिशेला किंचित सरकलेली दिसते. ती तशीच दिसायला हवी. ती मध्यावर आणायच्या नादात अनेकांनी नीट जुळलेली दुर्बीण बिघडवली आहे.

शेवटची जुळवणी ताऱ्यावर करा. तारा दृष्टिक्षेत्राच्या बरोब्बर मध्यावर ठेवून थोडा फोकसबाहेर न्या. वलयं एककेंद्री दिसायला हवीत. एका बाजूला दाटलेली असतील तर प्रायमरीचा एक स्क्रू अगदी थोडा फिरवा. तारा मध्यावरून सरकेल. तो परत मध्यावर आणूनच पुढचा निर्णय घ्या. कडेला गेलेल्या ताऱ्यावर कॉलिमेशन करणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

टप्पा ४: तारा निवडणे

तारा आकाशात उंच हवा, कारण क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो. मोटर नसलेल्या माउंटवर (स्टँडवर) ध्रुवतारा सोयीचा, कारण तो जवळजवळ हलत नाही. मात्र ध्रुव साधारण तुमच्या अक्षांशाइतकाच उंच असतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात तो इतका खाली राहतो की तिथे वर चढलेला दुसरा तारा घेणं बरं. छोट्या दुर्बिणीला अभिजित, स्वाती, ब्रह्महृदय असे पहिल्या श्रेणीचे, म्हणजे सगळ्यात तेजस्वी गटातले तारे चालतात. १५-२० सेंमीच्या पुढे दुसऱ्या श्रेणीचा तारा घ्या. फार तेजस्वी तारा डोळे दिपवतो आणि बारीक वलयं पुसली जातात.

रात्री आकाश ढगाळ असेल तर ऊन असताना दिवसा कृत्रिम तारा करता येतो. सूर्य पाठीशी ठेवून, बॉल बेअरिंगमधली चकचकीत गोळी काळ्या कापडावर लांब ठेवा. तिच्यावरचा सूर्याचा बारीक ठिपका ताऱ्याचं काम करतो. अंतर फोकल लेंथच्या किमान वीसपट हवं, म्हणजे १२०० मिमीच्या दुर्बिणीसाठी २४ मीटर. याहून जवळ ठेवलात तर निर्दोष आरशातही दोष दिसतो.

तपासणी: पूर्ण वर्धनाला, फोकसमध्ये, तारा नुसता थरथरता गोळा दिसत असेल आणि वलय क्षणभरही स्थिर होत नसेल, तर आज हवा साथ देत नाही. थांबा, किंवा दुसऱ्या रात्री या. अशा हवेत दिलेला निकाल रद्द समजा.

टप्पा ५: फोकसवर काय दिसतं

फोकसर हळू फिरवा. चांगल्या काचेत एक क्षण असा येतो की तारा खटकन बिंदू होतो, आणि जरा पुढे-मागे केलं की लगेच बिघडतो. "इथे बरं दिसतंय की तिथे?" असं मागेपुढे करावं लागत असेल, तर हवा, तापमान किंवा काच यांपैकी काहीतरी ठीक नाही.

फोकसमध्ये छोटी गोल चकती आणि तिच्याभोवती एक बारीक वलय दिसायला हवं. मोठ्या सेकंडरीच्या दुर्बिणीत हे वलय जरा ठळक दिसतं, तो दोष नाही. न्यूटोनियनमधले चार किरण सेकंडरी धरणाऱ्या पट्ट्यांचे असतात, त्यांनाही दोष समजू नका. छोट्या नळीच्या साध्या रिफ्रॅक्टरमध्ये तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झाक असते. ती रचनेचीच मर्यादा आहे, त्याच जातीच्या प्रत्येक दुर्बिणीत दिसेल.

टप्पा ६: फोकसच्या आत आणि बाहेर

आता खरी परीक्षा. आयपीस प्रकाशमार्गात आरशाकडे किंवा भिंगाकडे, म्हणजे फोकसर आत सरकवला की "आत". मागे खेचला की "बाहेर". श्मिट-कॅसेग्रेनमध्ये आरसाच हलतो, तेव्हा कुठली बाजू कुठली हे आधी ठरवून घ्या, नाहीतर निदान उलटं होईल.

किती हलवायचं, इथेच बहुतेक जण चुकतात. तारा मोठा डोनट होईपर्यंत फिरवतात आणि तो गोल दिसला की खूश होतात. एवढा मोठा डोनट सगळे दोष पोटात घालतो. चार ते सहा वलयं दिसतील इतकंच हलवा. एफ/६ ला पाच वलयांसाठी फोकसर सुमारे ०.८ मिमी सरकतो, एफ/१० ला सुमारे २.२ मिमी. एफ/६ मध्ये ही हालचाल इतकी कमी आहे की नॉब बोटाने नुसता ढकलावा लागतो. आत पाच वलयं पाहिलीत तर बाहेरही पाचच बघा. भिंगाच्या दुर्बिणीत हिरवा फिल्टर लावा, म्हणजे रंग मध्ये येणार नाहीत.

सगळ्यात बाहेरचं वलय चांगल्या दुर्बिणीतही इतरांपेक्षा ठळक असतं. त्यामुळे एक बाजू बघून काहीच ठरवू नका. आतलं चित्र आणि बाहेरचं चित्र एकमेकांशी किती जुळतं, हाच प्रश्न आहे.

गोलीय दोष. आत बाहेरचं वलय जाड आणि धारदार, आणि बाहेर गेल्यावर कडा विरलेला, मध्ये उजळ असा मऊ गोळा, असं दिसलं तर आरशाला पुरेसा पॅराबोला दिलेला नाही. चित्र याच्या उलट असेल तर तो जास्त दिला गेलाय. थोडासा फरक जवळपास प्रत्येक दुर्बिणीत सापडतो, कारण ही परीक्षा फार कडक आहे. दोन्ही बाजूंना वलयं मोजता येत असतील आणि फरक फक्त ठळकपणाचा असेल, तर दुर्बीण घ्यायला हरकत नाही. एका बाजूला स्वच्छ वलयं आणि दुसऱ्या बाजूला वलयंच नाहीत, नुसतं धुकं, असं असेल तर घेऊ नका.

पडलेली कड. आत असताना शेवटच्या वलयाबाहेर केसाळ, पसरट प्रकाश आणि वलयांमधल्या काळ्या फटी राखाडी झालेल्या, पण बाहेर गेल्यावर चित्र बऱ्यापैकी स्वच्छ. हा दोष फक्त काठाच्या काही मिलिमीटरपुरता असेल तर आरशाच्या पुढे काळ्या कागदाची रिंग लावून कड झाकता येते. थोडा व्यास जातो, प्रतिमा सुधारते.

ॲस्टिग्मॅटिझम. आत तबकडी लांबट, बाहेरही लांबट, पण ९० अंशांनी वळलेली. फोकसमध्ये तारा बारीक क्रॉससारखा. हे दिसलं की पुढचा टप्पा नीट वाचल्याशिवाय निकाल देऊ नका.

तीन कोनी तबकडी. हा बहुतेक वेळा काचेचा दोष नसतो, काच आवळली गेल्याचं लक्षण असतं. एकदा मी १५ सेंमीची एक न्यूटोनियन बघत होतो. आतली तबकडी चक्क कोपरे गोल केलेल्या त्रिकोणासारखी होती, आणि मालक तिला "आरसाच वाकडा आहे" म्हणून काढायला निघाले होते. त्यांच्या परवानगीने आरशाचा सेल (आरसा धरणारी बैठक) बाहेर काढला. तिन्ही क्लिपांखालचं रबर काचेवर चेपून बसलेलं होतं. स्क्रू प्रत्येकी अर्धा फेरा सैल केले, कागदाची पट्टी सरकते ना पाहिलं, सेल परत बसवला आणि कॉलिमेशन केलं. पंधरा मिनिटांनी त्याच ताऱ्याची तबकडी गोल होती, वलयं मोजून घ्यावीत अशी. त्यांनी ती दुर्बीण विकली नाही.

टप्पा ७: दोष नेमका कोणाचा

लांबट तबकडी दिसली तर एकेक गोष्ट फिरवत जा, आणि लांबटपणा कशाबरोबर फिरतो ते बघा. क्रम असा:

१. स्वतःचं डोकं तिरकं करा. लांबटपणा डोक्याबरोबर वळला तर तो तुमच्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर आहे.
२. आयपीस जागेवरच फिरवा. त्याच्याबरोबर वळला तर आयपीस दोषी.
३. डायगोनल (आयपीसआधी प्रकाश वळवणारा छोटा आरसा किंवा प्रिझम) असेल तर तो काढूनच टाका. स्वस्त डायगोनलने उत्तम रिफ्रॅक्टर बदनाम केलेले आहेत. डायगोनलशिवाय फोकस मिळायला जोडनळी लागू शकते.
४. रिफ्रॅक्टर असेल तर नळी तिच्या रिंगांमध्ये फिरवा. न्यूटोनियन असेल तर प्रायमरी सेलमध्ये एक तृतीयांश फेरा फिरवून बसवा आणि कॉलिमेशन परत करा. लांबटपणा आरशाबरोबर वळला तर दोष आरशात. तिथेच राहिला तर सेकंडरी किंवा तिचा चिकटवलेला धारक तपासा.

चौथी पायरी मालकाच्या संमतीशिवाय करू नका. संमती मिळाली नाही तर तो दोष आरशात आहे असं धरून सौदा करा. सेकंडरी बदलणं तुलनेने सोपं आहे, वाकडा प्रायमरी घेऊन काहीच करता येत नाही.

टप्पा ८: रोंकी जाळी, असल्यास

इंचाला सुमारे १०० रेघांची रोंकी जाळी (समांतर काळ्या रेघा असलेली पारदर्शक पट्टी) आयपीसच्या जागी लावा आणि तेजस्वी ताऱ्याकडे बघा. फोकसच्या जवळ चार-पाच काळे पट्टे येतील. पट्टे सरळ असतील तर आकार चांगला. आत एका दिशेला आणि बाहेर उलट दिशेला फुगलेले असतील तर गोलीय दोष. टोकांना आकड्यासारखे वळलेले असतील तर कड पडलेली. हवा खराब असतानाही हे बऱ्यापैकी दिसतं, हा तिचा मोठा फायदा. ॲस्टिग्मॅटिझम मात्र ती सहज दाखवत नाही, म्हणून ती टप्पा ६ च्या जागी वापरू नका.

टप्पा ९: खऱ्या लक्ष्यावर

शेवटी एक जोडतारा बघा. दुर्बिणीची भेदनक्षमता काढायला ११६ ला व्यासाच्या मिलिमीटरने भागा, उत्तर सेकंद-कोनात (अंशाच्या ३६०० व्या भागात) येतं. १०० मिमीला १.१६. म्हणजे वीणा तारकासमूहातल्या एप्सिलॉन या जोडीतल्या दोन्ही उपजोड्या, सुमारे सव्वादोन सेकंदांच्या, चांगल्या १०० मिमी दुर्बिणीने १२० ते १५० पट वर्धनाला स्वच्छ अलग दाखवायलाच हव्यात. मध्ये काळी फट दिसली पाहिजे. नुसता लांबट ठिपका पुरेसा नाही. गुरू वर असेल तर त्याचे दोन मुख्य पट्टे कडा असलेले दिसतात की नुसत्या डागांसारखे, ते बघा.

आता वही काढा. दोन वर्तुळं काढून एकावर "आत", एकावर "बाहेर" लिहा, आणि जे दिसलं ते पेन्सिलीने तसंच काढा: कुठलं वलय ठळक, कुठे धूसर, कुठल्या बाजूला लांबट. खाली तारा, आयपीस, वेळ आणि दुर्बीण बाहेर काढल्याला किती वेळ झाला, एवढं लिहा. दोन चित्रं जुळत असतील तर सौद्याचं बोला. जुळत नसतील आणि हवा किंवा तापमान याबद्दल जराही शंका असेल, तर मालकाला दुसरी रात्र मागा, आणि त्या रात्री त्याच ताऱ्यावर, त्याच आयपीसने, शेजारी नवी दोन वर्तुळं काढा.